ॲलन कुलविकी यांनी दहा लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारला, तो निर्णय योग्य होता का?

परिवलन (प्रश्न)

गेल्या काही महिन्यांपासून मी अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे प्रामुख्याने नासकारच्या विन्स्टन कप मालिकेचा, इतिहास जमेल तसा वाचतो आहे आणि जुन्या शर्यतींची चित्रणेही पाहतो आहे. या वाचनात एक नाव माझ्या मनातून जाता जात नाही, ते म्हणजे ॲलन कुलविकी. १९९२ चे विजेतेपद त्यांनी अवघ्या दहा गुणांच्या फरकाने मिळवले. ते स्वतःच्या संघाचे एकटे मालक होते आणि गाडीही स्वतःच चालवत होते. विजेतेपदानंतर पाच महिन्यांच्या आत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

मला पडलेला प्रश्न मात्र त्यांच्या विजयापेक्षा त्याआधीच्या एका निर्णयाविषयी आहे. ज्युनिअर जॉन्सन हे त्या काळातील अत्यंत यशस्वी संघमालक होते. केल यारबरो यांना १९७६ ते १९७८ अशी सलग तीन आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांना १९८१, १९८२ आणि १९८५ अशी तीन विजेतेपदे त्यांच्याच गाड्यांतून मिळाली होती. अशा माणसाने १९९१ च्या हंगामासाठी कुलविकी यांना आपली गाडी चालवण्याकरिता दहा लाख डॉलर देऊ केले आणि कुलविकी यांनी त्याला नकार दिला. तोवर त्यांच्या नावावर केवळ दोन विजय होते. पुढच्या हंगामाचा प्रायोजकही नीट ठरलेला नव्हता.

काही लेखक या नकाराला जिद्द म्हणतात, तर काही जण हट्ट. मला त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. मालक आणि चालक एकच असण्याने गाडी खरोखर वेगवान होते का, की ती केवळ स्वाभिमानाची बाब होती? दुसरा प्रश्न असा की, अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीत 'एका फेरीने विजेतेपद मिळाले' असे जे सर्वत्र लिहिले जाते, त्याचा नेमका हिशेब काय होता? आणि कुलविकी यांच्यानंतर ही गोष्ट कोणाला पुन्हा साधली का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

वंगण

प्रश्न फार चांगला विचारला आहे. मी स्वतः यंत्र अभियंता असल्यामुळे कुलविकी यांच्याविषयी मला पहिल्यापासून आत्मीयता वाटत आली आहे, हे आधीच सांगतो. माझ्या मतावर त्याची छाया पडलेली असणारच.

त्यांचा नकार समजून घ्यायचा तर ते कोठून आले हे पाहावे लागते. कुलविकी यांचा जन्म १४ डिसेंबर १९५४ रोजी विस्कॉन्सिन राज्यात झाला आणि ते मिलवॉकीलगतच्या ग्रीनफिल्ड या उपनगरात वाढले. त्यांचे वडील शर्यतीच्या गाड्यांची इंजिने बांधत. आई लहानपणीच गेली. मिलवॉकीच्याच विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९७७ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे विन्स्टन कप जिंकणारे ते पहिले पदवीधर चालक ठरले. आज हे वाचताना विशेष वाटत नाही, पण त्या काळी हा खेळ मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा होता आणि त्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे, गॅरेजमधल्या जुन्या कारागिराकडून नव्या पोराकडे जात असे. उत्तरेकडून आलेला, कागदावर आकडेमोड करणारा, मितभाषी माणूस तेथे सर्वार्थाने परका होता.

उत्तरेतील छोट्या धावपट्ट्यांवर आणि एएसए (अमेरिकन स्पीड असोसिएशन) या संघटनेच्या मालिकेत नाव कमावल्यानंतर १९८५ च्या सुमारास त्यांनी सर्व सामान विकून उत्तर कॅरोलायनात जाण्याचे ठरवले. निघायच्या दोनच दिवस आधी विजेच्या बिघाडाने आग लागून त्यांचा ट्रक जळून गेला, तेव्हा दुसऱ्याची गाडी मागून घेऊन त्यांनी उरलेले सामान ओढत नेले. १९८६ मध्ये त्यांनी बिल टेरी यांच्या संघातून हंगाम सुरू केला. टेरी यांनी मध्येच संघ बंद करायचे ठरवल्यावर कुलविकी यांनी तोच संघ विकत घेतला आणि एके रेसिंग उभे राहिले. संघ म्हणायचे ते एक गाडी, दोन इंजिने आणि बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांना. एवढ्या बळावर त्यांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित चालकाचा मान मिळवला.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मालक-चालक असण्याने गाडी वेगवान होते का? थेट नाही, परंतु एक महत्त्वाचा दुवा मधून गळून पडतो. नासकारच्या बहुतेक शर्यती लंबवर्तुळाकार धावपट्टीवर होतात आणि गाडी सतत डावीकडे वळते. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सुटू लागला तर चालक गाडी 'लूज' आहे असे म्हणतो. पुढची चाके वळायला तयार नसतील आणि गाडी भिंतीकडे ढकलली जात असेल तर 'टाइट' आहे असे म्हणतो. हे केवळ त्याला आलेले अनुभव आहेत. त्यांचे रूपांतर स्प्रिंगच्या ताठपणात, टायरच्या हवेच्या दाबात आणि चारही चाकांवरील वजनाच्या वाटणीत करावे लागते. सामान्य संघात चालक आपल्याला काय जाणवले ते सांगतो, क्रू चीफ, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्या पथकाचा प्रमुख, त्याचा अर्थ लावतो आणि मालक त्यावर खर्च करायचा की नाही हे ठरवतो. या तीन टप्प्यांत पुष्कळ काही निसटते. कुलविकी यांच्या बाबतीत वळणावर गाडीचे सुटणे अंगाने अनुभवणारा, त्याचे गणित मांडणारा आणि नवी स्प्रिंग विकत घ्यायची की जुन्यावर भागवायचे हे ठरवणारा माणूस एकच होता. कारकिर्दीतील २०७ शर्यतींत त्यांनी पाच विजय मिळवले, पण सर्वांत पुढून सुरुवात करण्याचा मान, म्हणजे पोल, तब्बल चोवीस वेळा पटकावला. एका फेरीपुरती गाडी अचूक जुळवण्यात ते मोठमोठ्या संघांना मागे टाकत होते, हे या आकड्यावरून स्पष्ट दिसते. पाचशे मैल टिकून राहण्यासाठी जी माणसे आणि जे सुटे भाग लागतात, ते मात्र त्यांच्याकडे नेहमीच कमी असत.

जॉन्सन यांची विचारणा ही पहिली नव्हती. त्याआधीही त्यांनी कुलविकी यांना बोलावले होते. दुसऱ्या नकाराचा फटका जबरदस्त बसला. कुलविकी ज्या कॉफी कंपनीच्या प्रायोजकत्वावर विसंबून होते, तेच प्रायोजकत्व जॉन्सन यांच्या संघाकडे गेले. १९९१ च्या डेटोना ५०० मध्ये कुलविकी यांची गाडी अमेरिकी लष्कराच्या रंगांत धावली, कारण आखाती युद्धाच्या त्या दिवसांत सैन्यदलांच्या सन्मानार्थ बिनप्रायोजकाच्या काही गाड्या तशा रंगवल्या होत्या. त्यानंतर अटलांटाच्या शर्यतीत हूटर्स या उपाहारगृहांच्या कंपनीने पुरस्कृत केलेली दुसऱ्या एका चालकाची गाडी पात्र ठरली नाही. तेव्हा कंपनीने कुलविकी यांच्या मोकळ्या गाडीवर आपले नाव लावले आणि पुढे तोच करार दीर्घ मुदतीचा झाला. येथे नशिबाने हात दिला हे मान्य करावे लागेल. परंतु ज्याची गाडी मोकळी असूनही पात्रता फेरीत पुढे असते, त्याच्याच वाट्याला असे नशीब येते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शेवटची_फेरी

वंगण यांनी पार्श्वभूमी उत्तम मांडली आहे. मी फक्त अटलांटाच्या हिशेबाविषयी लिहितो, कारण तो बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितला जातो.

त्या काळची गुणपद्धत १९७५ पासून चालत आलेली होती. विजेत्याला १७५, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५ असे गुण मिळत. किमान एक फेरी आघाडीवर राहणाऱ्या प्रत्येकाला पाच गुण अधिक आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला आणखी पाच. म्हणजे विजेता आणि दुसरा यांच्यात मुळात फक्त पाच गुणांचे अंतर, आणि तेवढेच गुण सर्वाधिक फेऱ्यांच्या आघाडीला. या पद्धतीत शर्यत जिंकण्याइतकेच प्रत्येक शर्यत पूर्ण करण्याला मोल होते, आणि कुलविकी यांच्यासारख्या काटकसरी संघाला ती मानवणारी होती.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डोव्हरच्या शर्यतीत कुलविकी यांची गाडी अपघातात सापडली, ते चौतिसावे आले आणि आघाडीवरील बिल इलियट यांच्यापेक्षा २७८ गुणांनी मागे पडले. सहाच शर्यती उरल्या होत्या. हे इलियट कोणाच्या गाडीतून धावत होते? ज्युनिअर जॉन्सन यांच्या. नंतरच्या आठवड्यांत इलियट यांच्यामागे बिघाडांचे शुक्लकाष्ठ लागले, कुलविकी मात्र सातत्याने वरच्या क्रमांकांत राहिले, आणि १५ नोव्हेंबर १९९२ रोजी अटलांटात शेवटची शर्यत सुरू झाली तेव्हा डेव्ही ॲलिसन आघाडीवर होते, कुलविकी त्यांच्यामागे ३० गुणांनी आणि इलियट ४० गुणांनी होते. गणिताने पाहिले तर आणखी तिघांना, हॅरी गँट, काइल पेटी आणि मार्क मार्टिन यांना, अद्याप संधी होती. या खेळातील दिग्गज रिचर्ड पेटी यांची ती अखेरची शर्यत होती आणि पुढे विजेते ठरलेले जेफ गॉर्डन यांची या मालिकेतील पहिली, त्यामुळे त्या दिवसाला या खेळाच्या इतिहासात वेगळेच स्थान आहे.

ॲलिसन यांना पाचवा क्रमांक पुरेसा होता. सुमारे तीन चतुर्थांश शर्यत झाली असताना अर्नी अर्व्हन यांची गाडी त्यांच्यापुढेच गिरकी घेऊन आडवी आली, ॲलिसन तिच्यावर आदळले आणि त्यांचे विजेतेपद तेथेच संपले. उरले इलियट आणि कुलविकी, आणि हे दोघेच पुढे धावत होते.

कुलविकी यांच्या गाडीचा पहिला गिअर पहिल्याच पिट-थांब्याच्या, म्हणजे इंधन-टायरसाठी धावपट्टीलगत थांबण्याच्या, वेळी तुटला होता, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. त्यानंतर प्रत्येक थांब्यानंतर क्रूची माणसे गाडी मागून ढकलत आणि ती वरच्या गिअरमध्ये कण्हत कण्हत वेग धरत असे. चित्रणात ते दृश्य पाहताना आजही छातीत धडधडते, कारण गिअरबॉक्समध्ये पडलेला तुटका तुकडा कोणत्याही क्षणी उरलेले दाते खाऊन टाकू शकला असता. थांबा जितका कमी वेळा आणि जितका थोडा, तितके बरे, अशी ती अवस्था होती.

येथे क्रू चीफ पॉल अँड्र्यूज यांची वही कामी आली. शर्यत ३२८ फेऱ्यांची होती. आघाडीच्या फेऱ्यांची मोजणी करत असताना त्यांच्या लक्षात आले की, कुलविकी अखेरच्या इंधनासाठी पिटमध्ये येण्यापूर्वी ३१० व्या फेरीपर्यंत आघाडीवर राहिले तर उरलेल्या फेऱ्यांत इलियट कितीही पुढे राहिले तरी त्यांना सर्वाधिक फेऱ्यांचा मान मिळू शकणार नाही. कुलविकी तोवर बाहेर राहिले आणि मगच आत आले. मग थोडेसेच इंधन घेऊन ते बाहेर पडले. इलियट यांना गाठण्याची जोखीम त्यांनी घेतली नाही. इंधन पुरवत, दुसरा क्रमांक राखत त्यांनी शर्यत संपवली.

आता बेरीज पाहा. इलियट शर्यत जिंकले : १७५ आणि आघाडीचे ५, एकूण १८०. कुलविकी दुसरे आले : १७०, आघाडीचे ५ आणि सर्वाधिक फेऱ्यांचे ५, एकूण १८०. दोघांना समान गुण मिळाले, म्हणून सकाळचा दहा गुणांचा फरक संध्याकाळी जसाच्या तसा राहिला : ४०७८ विरुद्ध ४०६८. कुलविकी १०३ फेऱ्या आघाडीवर होते आणि इलियट १०२. यांतील एकच फेरी कुलविकी यांच्याकडून इलियट यांच्याकडे गेली असती तर पाच गुण इकडून कमी होऊन तिकडे वाढले असते आणि दोघे ४०७३ गुणांवर बरोबरीत आले असते. बरोबरी झाल्यास हंगामातील विजयांची संख्या पाहिली जाई. इलियट यांचे पाच विजय होते, कुलविकी यांचे दोन. विजेतेपद इलियट यांना, पर्यायाने जॉन्सन यांच्या संघाला मिळाले असते. 'एका फेरीने विजेतेपद' याचा अर्थ हा आहे. त्यात अतिशयोक्ती अजिबात नाही.

त्या दिवशी गाडीच्या पुढच्या बंपरवर 'थंडरबर्ड' या फोर्डच्या गाडीच्या इंग्रजी नावातील पहिली दोन अक्षरे झाकून ते 'अंडरबर्ड' असे केलेले होते, म्हणजे दुबळा समजला जाणारा स्पर्धक. त्यासाठी कुलविकी यांनी नासकारची आणि फोर्ड कंपनीची रीतसर परवानगी घेतली होती. मला या तपशिलात तो माणूस पूर्ण दिसतो. मनात आलेली गोष्ट करायची, पण नियमाच्या कागदावर सही घेऊन करायची. आणि विजेतेपद मिळाल्यावर सारे जग कॅमेऱ्यांसह वाट पाहत असताना त्यांनी गाडीतून उतरण्यापूर्वी आधी केस नीट विंचरले.

तिसरा_गिअर

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा मान राखून मी थोडी वेगळी बाजू मांडतो. कुलविकी यांच्याविषयी मलाही नितांत आदर आहे, परंतु यश मिळाले म्हणून निर्णय योग्य होता असे मागाहून म्हणणे मला तर्काला धरून वाटत नाही. अर्व्हन यांच्या गाडीने ती गिरकी घेतली नसती तर आपण आज हाच निर्णय चुकीचा होता असे म्हणत असतो.

याच खेळातील रिचर्ड चिल्ड्रेस यांचे उदाहरण पाहावे. तेही मालक-चालक होते. २८५ शर्यतींत भाग घेऊन त्यांना चालक म्हणून एकही विजय मिळाला नाही. १९८१ च्या हंगामात त्यांनी आपली गाडी डेल अर्नहार्ट यांच्या हाती सोपवली आणि स्वतः चालवणे थांबवले. अर्नहार्ट मध्यंतरी दुसरीकडे गेले, तेव्हा रिकी रड यांनी १९८३ मध्ये रिव्हरसाइड येथे चिल्ड्रेस यांच्या संघाला पहिला विजय मिळवून दिला. १९८४ मध्ये अर्नहार्ट परतले आणि १९८६ ते १९९४ या काळात त्यांनी चिल्ड्रेस यांच्या गाडीतून सहा विजेतेपदे जिंकली. आपण कोणत्या कामात कमी पडतो हे ओळखून ते काम दुसऱ्याला देणे, यालाही मोठे धैर्य लागते, आणि त्याची कहाणी कोणी इतक्या प्रेमाने सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

एकट्याच्या हातात सर्व सूत्रे ठेवण्याची किंमत कुलविकी यांनीही मोजली. ते कामाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते आणि त्यांच्याबरोबर टिकणे अवघड होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. रे एव्हर्नहॅम १९९२ च्या सुरुवातीला त्यांच्या संघात आले आणि काही आठवड्यांतच सोडून गेले. हेच एव्हर्नहॅम पुढे जेफ गॉर्डन यांचे क्रू चीफ झाले आणि त्या जोडीने १९९५, १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदे मिळवली. असा माणूस हातचा जाणे ही लहान हानी नव्हे. वंगण यांनी म्हटल्याप्रमाणे मधला दुवा गळून पडतो हे खरे, पण त्या दुव्याबरोबर 'तुमचे चुकते आहे' असे सांगणारा माणूसही गळून पडतो.

शिवाय काळही बदलत होता. रिक हेंड्रिक यांच्यासारखे मालक एकाच छताखाली अनेक गाड्या चालवू लागले होते. इंजिन विभाग, वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्या आणि अभियंत्यांचा ताफा यांवरील खर्च तीन-चार गाड्यांवर वाटला जात असे आणि एका गाडीने शिकलेली गोष्ट उरलेल्यांना फुकट मिळत असे. एकट्या मालक-चालकाला हे परवडणारे नव्हते. नव्वदच्या दशकात अनेक नामवंतांनी हा मार्ग धरून पाहिला. डॅरेल वॉल्ट्रिप यांना सुरुवातीला यश आले, पण १९९८ पर्यंत संघ विकावा लागला. रिकी रड यांनी १९९४ पासून दर वर्षी किमान एक विजय असे पाच वर्षे निभावले आणि नंतर संघ बंद केला. अटलांटात हरलेले बिल इलियट स्वतः १९९५ मध्ये मालक झाले आणि मालक-चालक म्हणून त्यांना एकही शर्यत जिंकता आली नाही. पुढचा विजय त्यांना २००१ मध्ये मिळाला, तोही दुसऱ्याच्या संघाकडून धावताना. ते मालक होते एव्हर्नहॅम.

परिवलन

तिन्ही प्रतिसाद मनापासून आवडले. समान १८० गुणांची बेरीज मी आजवर कोठेही इतकी स्पष्ट वाचली नव्हती. तिसरा_गिअर यांचा मुद्दाही पटतो. चिल्ड्रेस यांच्याविषयी मी स्वतंत्रपणे वाचेन.

तरीही एक शंका राहते. निर्णय योग्य होता की नाही, हे केवळ विजेतेपदांच्या संख्येवर मोजायचे का? कुलविकी यांनी दुसऱ्याच्या गाडीतून पाच विजेतेपदे जिंकली असती तर ती त्यांना स्वतःची वाटली असती का, असा विचार माझ्या मनात वारंवार येतो. आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्या संघाचे काय झाले, तसेच पुढे कोणी असे विजेतेपद मिळवले का, हा माझा मूळ प्रश्न अजून उरला आहे.

वंगण

तिसरा_गिअर यांचे बरेचसे म्हणणे मला मान्य आहे. एव्हर्नहॅम यांचा मुद्दा तर मी लिहायला हवा होता. फक्त एक भेद करतो. चिल्ड्रेस यांना चालक म्हणून आपली मर्यादा कळली होती. कुलविकी यांची मर्यादा चालवण्यात नव्हती आणि गाडी समजण्यातही नव्हती. ती पैशात आणि माणसांत होती. चालवण्याचे काम दुसऱ्याला देऊन ती दूर झाली नसती, आणि जॉन्सन यांच्याकडे जाऊन दूर झाली असती तर गाडीवरचा अधिकार गेला असता. आपल्याला कोणत्या अडचणीसह जगायचे आहे हे त्यांनी डोळसपणे निवडले, असे मी मानतो.

परिवलन यांच्या शंकेबद्दल मला १९८८ ची फिनिक्सची शर्यत आठवते. रिकी रड यांच्या इंजिनाने अखेरीस दगा दिला आणि कुलविकी यांना पहिला विजय मिळाला. तेव्हा त्यांनी गाडी वळवली आणि धावपट्टीवरून उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, एक फेरी मारली. यामागे साधे कारण होते. अमेरिकी गाडीत चालक डावीकडे बसतो आणि शर्यत डावीकडे वळत चालते, त्यामुळे त्याची खिडकी नेहमी मैदानाच्या आतल्या बाजूला राहते आणि प्रेक्षकांना दिसतो तो गाडीचा बंद उजवा भाग. उलट फिरले की खिडकी प्रेक्षकांसमोर येते, हात बाहेर काढून त्यांना अभिवादन करता येते. पोलिश वंशाच्या कुलविकी यांनी तिला 'पोलिश विजयफेरी' असे नाव दिले. पहिल्या विजयाच्या क्षणी हे सुचायला तो विजय आधी कितीतरी वेळा मनात जगलेला असावा लागतो. १९९२ च्या विजेतेपदानंतरही त्यांनी तीच फेरी मारली.

१ एप्रिल १९९३ च्या रात्री प्रायोजकाच्या कार्यक्रमाहून नॉक्सव्हिलकडून ब्रिस्टलच्या शर्यतीसाठी येत असताना टेनेसी राज्यातील ब्लाउंटव्हिलजवळ त्यांचे लहान विमान कोसळले आणि चौघेही दगावले. इंजिनाच्या हवा घेणाऱ्या मार्गात बर्फ साचल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसात त्यांच्या संघाचा सामानवाहू ट्रक, पुढच्या जाळीवर काळे पुष्पचक्र लावलेला, ब्रिस्टलच्या त्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरला आणि संथपणे फेरी मारून फाटकाबाहेर निघून गेला. ती शर्यत रस्टी वॉलेस यांनी जिंकली आणि त्यांनीही गाडी उलटी वळवून पोलिश विजयफेरी मारली. अटलांटात कुलविकी यांच्याबरोबर झुंजलेले डेव्ही ॲलिसन त्याच जुलैमध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले. वर्षाअखेरीस अटलांटात शर्यत जिंकणारे वॉलेस आणि विजेतेपद मिळवणारे अर्नहार्ट या दोघांनी ७ आणि २८ या क्रमांकांचे ध्वज धरून ती फेरी एकत्र मारली. हे दोन क्रमांक कुलविकी आणि ॲलिसन यांच्या गाड्यांचे होते.

संघाची गाडी काही काळ जिमी हेन्सली आणि इतर चालकांनी चालवली. त्याच वर्षी जेफ बोडीन यांनी तो संघ विकत घेतला आणि तेही मालक-चालक झाले. १९९४ मध्ये त्यांनी तीन शर्यती जिंकल्या, परंतु विजेतेपदाच्या जवळ ते कधी पोहोचले नाहीत. कुलविकी यांचा २०१९ मध्ये नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

आता आपला उरलेला प्रश्न. १९९२ नंतर मालक-चालक म्हणून विजेतेपद मिळवण्यास एकोणीस वर्षे लागली. २०११ मध्ये टोनी स्टुअर्ट यांनी होमस्टेडची शेवटची शर्यत जिंकली, कार्ल एडवर्ड्स दुसरे आले आणि दोघांचे गुण २४०३ असे नेमके समान झाले. अटलांटात जो नियम वापरावा लागता लागता राहिला, तोच येथे प्रत्यक्ष वापरावा लागला : स्टुअर्ट यांचे पाच विजय, एडवर्ड्स यांचा एक, म्हणून विजेतेपद स्टुअर्ट यांना. मात्र त्यांच्या संघात जीन हास हे भागीदार होते, गाड्या एकाहून अधिक होत्या आणि इंजिने हेंड्रिक यांच्या संघाकडून येत. एकच मालक, एकच गाडी आणि तीही मालकानेच चालवायची, अशा अवस्थेत कुलविकी यांच्यानंतर आजवर कोणीही हे विजेतेपद जिंकलेले नाही.